करडीची फणी

मी एक फणी आहे. कंगवा नव्हे, फणी. दोन्ही अंगांना दात असलेली. एका बाजूचे जरा विरळ, दुसऱ्या बाजूचे इतके दाट की लीखसुद्धा निसटू नये. शिसवाच्या लाकडाची. आता माझे सात दात पडलेत आणि मला कुणी हातात घेत नाही. म्हणून बोलायला सवड आहे.

मी झाशीच्या बडा बाजारात घडले. एक म्हातारा कारागीर पायरीवर बसून बारीक करवतीनं माझा एकेक दात कापत होता. त्याच्याकडून मला नेलं ते विश्वंभर नावाच्या एका तारबाबूनं. झाशीत रेल्वेचा मोठा कारखाना निघाल्यावर दूरदूरची माणसं तिथं नोकरीला आली, तसा हा आणि त्याचा थोरला भाऊ गोविंदराव नाशिकहून आले होते. विश्वंभरनं दुकानातल्या पाच-सहा फण्या पाहिल्या, प्रत्येक स्वतःच्या मिशीवरून फिरवून बघितली आणि मला निवडलं. कारागीर हसला, पण विश्वंभर गंभीर होता. त्याची बायको पहिल्यांदाच सासरी नांदायला येणार होती आणि तिचे केस दाट आहेत असं त्यानं ऐकलं होतं.

तिचं नाव बकुळ. केस खरोखरच दाट होते, कमरेच्या खाली जाणारे. तीन वर्षं मी त्या केसांतून फिरले. आधी विरळ बाजूनं गुंता सोडवायचा, मग दाट बाजूनं मुळापासून टोकापर्यंत. मला वाटायचं, माझं आयुष्य असंच जाणार.

चौथ्या वर्षी विश्वंभरला विषमज्वर झाला आणि एकोणीस दिवसांत तो गेला. बकुळही तेव्हा एकोणीसच वर्षांची होती. दहाव्या दिवशी तिला लक्ष्मी तालाच्या घाटावर नेलं. मी घरीच होते. ती परतली तेव्हा तिच्या अंगावर तांबडं आलवण होतं आणि पदराखाली डोकं फार लहान दिसत होतं.

घरातल्या बायका तिचा कुंकवाचा करंडा, आरसा, बांगड्या गोळा करत होत्या. मला तिनं त्याआधीच ट्रंकेच्या तळाशी, विश्वंभरच्या लोकरी कोटाखाली सरकवलं होतं.

त्या ट्रंकेत मी अकरा वर्षं होते.

अंधाराची मला भीती वाटली नाही, पण बाहेरचं सगळं ऐकू यायचं. गोविंदराव मालगाडीवर गार्ड होते. दोन-दोन दिवस लाईनवर असायचे, आले की घर दबून बोलायचं. त्यांची बायको शारदा, म्हणजे बकुळची जाऊ, बकुळला दिवसभर हाका मारायची; पाणी भर, पापडाचं पीठ कुट, अंथरुणं उन्हात टाक. ती दुष्ट नव्हती. पण कामाशिवाय बकुळशी काय बोलायचं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि बाकी कुणालाही नव्हतं. दर पंधरा दिवसांनी न्हावी मागच्या अंगणात यायचा. त्या दिवशी बकुळला माणसाचा हात लागायचा. एरवी तिला कुणी शिवत नसे.

पावसाळा सरला की ती ट्रंक उघडायची. कोट उन्हात घालायची, मला बाहेर काढायची नाही. एकदाच तिनं माझ्या दातांवरून नख ओढलं. कर्र असा आवाज आला आणि तिनं घाईनं झाकण लावलं.

मग ती मांजर आली.

लोको फोरमनच्या बंगल्यातली मेमसाब विलायतेला निघून गेली होती. तिच्या खानसाम्याचं नाव पीरबख्श. वैशाखातल्या एका सकाळी तो टोपली घेऊन मागच्या दारी उभा राहिला. बकुळ चिमण्यांना शिजवलेला भात टाकते हे त्यानं येताजाता पाहिलं होतं. तो स्वतः दोन दिवसांत गावी चालला होता आणि मांजराला ठेवायला त्याच्याजवळ जागा नव्हती. टोपलीत एक करड्या रंगाची मांजर बसली होती. वाटोळं तोंड, आखूड पाय, केस बोटाच्या पेरापेक्षा लांब नव्हते, पण इतके दाट की बोट घातलं तर कातडी लागत नव्हती. बोलणं मी ट्रंकेतून ऐकलं, रूप नंतर पाहिलं.

पीरबख्शनं सांगितलं, "बाईजी, इसको रोज़ कंघी चाहिए। नहीं तो अपने ही बाल चाट-चाटके निगल जाती है। ब्रश तो मेमसाब साथ ले गईं, बिल्ली छोड़ गईं।"

शारदानं उंदरांसाठी म्हणून तिला अंगणात राहू दिलं. बकुळनं तिचं नाव करडी ठेवलं.

थंड मुलखासाठी केलेला तो अंगरखा झाशीच्या उन्हात करडीला सोसेना. तिच्या अंगावर केसांचे दोन थर होते. वरचे ताठ, त्यांच्या खाली लोकरीसारखी मऊ लव. ऊन वाढलं तशी ती लव मुळातून सुटली, पण वरच्या केसांत अडकून तिथंच राहिली. तिचे गोळे झाले. करडी दिवसभर चाटत बसायची आणि मग केसांच्या वाती ओकायची. बकुळनं हातानं खरवडून पाहिलं, ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं. वरवरचे केस निघाले, आतली लव हलली नाही. ज्येष्ठ लागला आणि करडीनं खाणं सोडलं. पुढच्या पायाच्या बगलेत गोळा कातडीला ओढून धरत होता आणि खाली जखम चिघळली होती.

त्या दुपारी घर निजलं होतं. ट्रंकेचं झाकण उघडलं, कोट बाजूला झाला आणि बकुळनं मला उचललं. कितीतरी वेळ ती नुसती मला धरून बसली. तिचा हात मी ओळखला. तिचा तळवा आता खरखरीत झाला होता, पण मला धरण्याची तऱ्हा तीच होती. अंगठा मधल्या पट्टीवर, चार बोटं पाठीमागे.

ती कोळशाच्या खोलीच्या सावलीत बसली आणि करडीला मांडीवर घेतलं. पहिल्या प्रयत्नात तिनं मला घाईनं ओढलं. करडीनं तिच्या मनगटावर ओरखडा काढला आणि पळाली. बकुळ उठली नाही. थोड्या वेळानं मांजर आपणहून परत आली.

मग दोघी शिकल्या, आणि मीही शिकले. माणसाचे केस लांब असतात, ते एका दमात ओढता येतात. करडीच्या अंगावर तसं चालत नाही. बकुळ डाव्या हाताच्या बोटांनी थोडीशी जागा फोडायची, गोळ्याच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून ठेवायची, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. गोळ्याच्या टोकापासून सुरुवात करायची, मुळापासून नाही. आधी माझी विरळ बाजू, मग दाट. केसांच्या दिशेनं, मानेपासून शेपटीकडे. पोट सगळ्यात शेवटी आणि तेही करडीनं दिलं तर. शेपटीचं टोक आपटायला लागलं की थांबायचं. शेवटी ओला हात फिरवायचा, म्हणजे सुटे केस त्याला चिकटून येतात.

पहिल्या आठ दिवसांत इतकी लव निघाली की दुसरी मांजर झाली असती. ती चिमण्या घरट्यांसाठी घेऊन गेल्या. बगलेतला गोळा सुटायला चार दिवस लागले. जखमेवर बकुळनं हळद लावली. आठवड्याच्या शेवटी करडीनं दूधभात खाल्ला आणि फणी दिसली की मांडीवर येऊन आपली हनुवटी वर करायला लागली.

बकुळ तिच्याशी बोलायची. मोठ्या गोष्टी नसायच्या. भाऊजी आज उशिरा येणार, आंबेमोहोर संपलाय, पाठ दुखते. करडी घुरघुरायची आणि तो आवाज माझ्या दातांत उतरायचा. त्या दोन वर्षांत मला वाटायचं की मी पुन्हा घरात आहे.

शेजारच्या क्वार्टरात मालबाबूची बायको अंबिकाबाई राहत असे. एका दुपारी ती विरजण मागायला मागच्या दारानं आली. कडी वाजताच करडी उडी मारून कोळशाच्या खोलीत गेली. बकुळचा पदर मांडीवर घसरला होता आणि हातात मी होते. उन्हातून आलेल्या अंबिकाबाईला सावलीत एवढंच दिसलं. एक सोवळी बाई उघड्या डोक्यानं फणी घेऊन बसलेली. ती विरजण न घेताच परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन बायका शारदाच्या खोलीत येऊन बसल्या. बकुळला बोलावलं. मी तिच्या कनवटीला होते. शारदानं विचारलं, केसांना फणी लावतेस म्हणतात, खरं का. बकुळ गप्प राहिली. तेव्हा शारदा उठली आणि सगळ्यांसमोर तिनं बकुळचा पदर मागे ओढला.

डोक्यावर आठ दिवसांचे खुंट होते. त्यांत फणी कुठून चालणार. बायकांनी नजर खाली घातली.

बकुळनं पदर स्वतःच सारखा केला आणि मला काढून जमिनीवर ठेवलं. "मांजराला लावते," ती म्हणाली. माझ्या दातांत करडे केस होतेच.

तिथं हे मिटायला हवं होतं. पण अंबिकाबाईनं हळू आवाजात विचारलं, "पण मुळात तू ठेवलीसच का ती?"

"त्यांनी आणली होती," बकुळ म्हणाली.

बायका एकेक करून उठून गेल्या.

संध्याकाळी गोविंदराव लाईनवरून आले. त्यांना घरात शिरण्याआधीच कुणीतरी सांगितलं होतं. गणवेष न उतरवता ते खुर्चीत बसून राहिले. ते ओरडले नाहीत. क्वार्टरात राहायचं म्हणजे चार लोकांच्या तोंडासमोर राहायचं, असं काहीसं म्हणाले, आणि मग एवढंच, "फणी घरात नको. मांजरही नको."

करडीला त्यांनी टोपलीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी गार्डाच्या डब्यातून घेऊन गेले. कुठं, ते सांगितलं नाही. बकुळनं विचारलं नाही. मला चुलीत घालायचं काम शारदाकडे आलं. तिनं मला चुलीपर्यंत नेलं, जाळासमोर धरलं. मला आच लागली. मग तिनं मागे वळून पाहिलं आणि मला तांदळाच्या डब्यात खोल खुपसलं.

डब्यात मी तीन आठवडे होते. बाहेर बकुळचा आवाज येईनासा झाला. शारदा हाक मारायची, काम व्हायचं, पण 'हो' सुद्धा ऐकू यायचं नाही. एकदा शारदाच म्हणाली, अगं, निदान भांडी तरी आपट.

मग एक दिवस मापट्याबरोबर तिच्या हाताला मी लागले, की तिनं मुद्दाम शोधलं, कोण जाणे. बकुळ पोळ्या लाटत होती. शारदानं मला पोळपाटाशेजारी ठेवलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, "करडी मोठ गावी सोडलीय. धान्याच्या बाजारात, कोठारांपाशी. हे उद्या सकाळीच बीना लाईनला जाताहेत. परवा येतील."

बकुळचं लाटणं थांबलं.

"मी त्या दिवशी पदर ओढायला नको होता," शारदा म्हणाली आणि तवा उतरवून बाहेर गेली.

मोठ झाशीहून कानपूरच्या वाटेवर. गाडीनं दोन तास. बकुळ आजवर एकटी लक्ष्मी तालापर्यंतसुद्धा गेली नव्हती. जनाना डब्यात ती चढली तेव्हा एका बाईनं आपलं लेकरू पलीकडे घेतलं. प्रवासाला निघताना सोवळी बाई समोर नको असते लोकांना. बकुळ बाकावर बसलीच नाही. दाराशी खाली बसली आणि वाटेतलं चिरगाव स्टेशन येईपर्यंत कनवटीला मला घट्ट धरून होती.

मोठचा बाजार दुपारी ओस होता. कोठारांसमोर एक म्हातारी सूप घेऊन सांडलेला गहू पाखडत होती. हरकुँवर तिचं नाव. सगळे तिला बऊ म्हणत. उन्हानं काळी झालेली, आणि पाठीवर पांढऱ्याशुभ्र केसांची जाड वेणी. बकुळनं मोडक्या हिंदीत मांजराचं विचारलं. म्हातारीनं सुपानं कोपरा दाखवला.

करडी पोत्यांवर बसली होती. अंगभर कुसळं, मानेखाली पुन्हा गोळे, एक डोळा चिकटलेला. बकुळनं हाक मारली. ती उतरली नाही. बकुळनं मला दाखवलं. तेव्हा ती उठली, दोन पोती उतरून खाली आली आणि हनुवटी वर केली.

तीन तास आम्ही काम केलं. कुसळं विरळ दातांनीच काढावी लागली; दाट बाजू लावली असती तर मी तुटले असते. माझा पहिला दात त्याच दिवशी गेला. हरकुँवर सूप बाजूला ठेवून बघत बसली. पदर मागे सरला तेव्हा बकुळचं डोकं तिला दिसलं. तिला ही रीत माहीत नसावी.

"काए बाई, मूड़ काए मुड़ाओ?" डोकं का भादरलं, असं तिनं विचारलं.

नवरा गेला, असं बकुळनं सांगितलं.

म्हातारी आपल्या वेणीला हात लावून म्हणाली, "आदमी तौ हमाओ सोई मरो।"

माझाही मेला की. तिनं ते टोचायला म्हटलं नव्हतं, तिला खरंच कळलं नव्हतं. बकुळचा हात थांबला. ती रडेल असं मला वाटलं, पण ती हसली. अकरा आणि दोन, तेरा वर्षांत मी तिचं हसू ऐकलं नव्हतं.

परतीच्या गाडीची वेळ झाली. करडीला घरी नेता येणार नव्हतं. बकुळनं म्हातारीचा हात धरला आणि तिला शिकवलं. कातडी कशी चिमटीत धरायची, शेपूट आपटली की का थांबायचं, आधी कोणती बाजू. हरकुँवरचे हात गव्हाला सरावलेले, जाडेभरडे. पण तिला लवकर जमलं. मग बकुळनं मला पदरानं स्वच्छ पुसलं आणि म्हातारीच्या ओंजळीत ठेवलं.

"इतई रै जाओ," म्हातारी म्हणाली. इथंच राहून जा.

बकुळनं मान हलवली आणि स्टेशनकडे चालायला लागली. करडी तिच्या मागे रस्त्यापर्यंत गेली आणि परतली. मला कुणाच्या मागे जाता येत नाही.

वर्ष गेलं. हरकुँवर रोज दुपारी सूप ठेवून मला हातात घ्यायची. करडीचा अंगरखा पुन्हा लखलखीत झाला. मखमलीवर हात फिरवावा तसा. कोठारवाले गंमत करायचे, बऊची मेमसाब म्हणायचे.

पुढच्या चैत्रात गाडीतून दोन बायका उतरून आल्या. बकुळ होती आणि तिच्याबरोबर शारदा. शारदाच बोलत होती. गोविंदरावांना बढती मिळाली होती, बदली भुसावळला. उद्या सामान जाणार होतं. मागच्या वेळी बकुळला मोठला आपणच पाठवलं हे तिनं त्यांना तेव्हाच सांगून टाकलं होतं. ते टोपी काढून नुसते बसून राहिले होते. आज त्यांनीच दोघींना गाडीत बसवून दिलं होतं.

करडी हरकुँवरच्या मांडीवर होती. बकुळ समोर बसली आणि हात पुढे केला. करडीनं तिची बोटं हुंगली. बराच वेळ हुंगली. उठून तिच्या गुडघ्याभोवती एक फेरी मारली आणि परत म्हातारीच्या मांडीवर जाऊन, पाय पोटाशी घेऊन निजली.

बकुळ बघत राहिली. "बरं झालं," ती म्हणाली.

हरकुँवरला मात्र वाईट वाटलं. तिनं मला उचलून बकुळच्या हातात दिलं. तुमची चीज आहे, तुम्ही न्या, मी दुसरी आणीन, असं ती आपल्या बोलीत पुन्हा पुन्हा सांगत होती.

त्या हातानं मला धरलं. अंगठा पट्टीवर, चार बोटं मागे.

शारदा म्हणाली, "घे ना. आता घरात कुणी काही म्हणणार नाही. मी आहे."

बकुळनं माझ्या दातांवरून एकदा बोट फिरवलं. मग वाकून मला करडीच्या पाठीवर ठेवलं. "उन्हाळा लागलाय," ती म्हणाली. "तिला हवी."

दोघी स्टेशनकडे गेल्या. शारदानं वाटेत बकुळचा हात धरलेला मी पाहिला. मग पोत्यांच्या गाड्या आड आल्या.

मला तिच्याबरोबर जायचं होतं. तिच्याजवळ माझं काही काम नव्हतं, हे मला कळत होतं. तिथं पुन्हा ट्रंक असती, कोट असता, अंधार असता. तरी मला जायचं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

करडी त्यानंतर सहा वर्षं जगली. शेवटी तिला स्वतःचं अंग चाटवत नव्हतं, तेव्हा हरकुँवर दिवसातून दोनदा मला फिरवायची, अगदी हलक्या हातानं, कारण मांजराची हाडं वर आली होती. एका सकाळी करडी पोत्यावरून उठली नाही. दोन हिवाळ्यांनंतर म्हातारीही गेली. तिच्या सुनेनं मला पाहिलं, दात पडलेली फणी केसांना काय कामाची, म्हणाली आणि कोठाराच्या कोनाड्यात टाकलं. ती चुकीचं बोलली नाही.

इथून रूळ दिसत नाहीत, गाडी ऐकू येते. भुसावळची गाडी इकडून जात नाही, एवढं मला आता समजलंय.

माझं मागणं फार नाही. तुमच्या दारी दाट केसांचं जनावर असेल तर उन्हाळ्यात त्याच्याजवळ रोज थोडा वेळ बसा. वरून गुळगुळीत दिसलं तरी आत गुंता असतो. आणि कधी या कोनाड्यात तुमचा हात गेला, मी हाती लागले, तर माझ्या दाट बाजूला करडी लव अडकलेली दिसेल. मला धुऊ नका. आहे तशी परत ठेवा.